पाय न टेकवण्याचा नवस

"अबे थांब ना भाऊ. बायको पडली तुही मांगं."

ट्रॅक्टरवाला घसा फाडून हे ओरडत होता आणि मी त्याला हातानं पुढे जा, पुढे जा म्हणून खुणावत होतो. मला वाटलं, याला साइड पाहिजे. रिकामी ट्रॉली खडखडत होती, त्यात त्याचा आवाज बुडत होता, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मी स्वतःच बोलत होतो. मागं बसलेल्या कमलाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी पैनगंगेच्या पुरातून मोटरसायकल कशी पोहवत काढली ती गोष्ट सांगत होतो. ही गोष्ट तिनं निदान चाळीस वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी ती मध्येच म्हणायची, "मांगच्या खेपी पाणी कमरेलोक होतं, आता गळ्यापर्यंत आलं." त्या दिवशी मात्र पाणी माझ्या टोपीवरून गेलं तरी ती काही बोलली नाही. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बाई गुमान ऐकून राह्यली, या खुशीत मी होतो. शेवटी त्यानं ट्रॅक्टर आडवाच घातला. मी चिडून विचारलं, "कोनाची बायको?" तो म्हणाला, "तुहीच असन. हिरवी साडी हाय." मी हात मागं नेला. सीट होती, सीटवर ऊन होतं. कमला नव्हती.

श्रावणातली ती दुपार मी अजून रागाशिवाय आठवू शकत नाही. धनोड्याकडे तिच्या बहिणीकडे आम्ही गेलतो, तिथून फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर परत येत होतो. वाटेत पाच-सहा घरांची एक वस्ती लागते, तिच्यासमोर रस्त्यावर एक गतिरोधक आहे. त्याला पट्टा नाही, पाटी नाही, काही नाही. रस्त्याच्याच रंगाचा, मेलेल्या बैलासारखा आडवा पडलेला. तिथं माझी गाडी उडाली हे मला आठवतं, कारण गोष्टीत त्याच वेळी लाट आली होती आणि मी म्हटलं, "अशीच उचलली पाह्य लाटेनं." त्या उडीत कमला गेली. गाडी वळवून मी परत पोचलो तोवर लोकांनी तिला एका ऑटोत घालून फुलसावंगीकडे धाडलं होतं; तो ऑटो वाटेत माझ्यासमोरूनच गेला होता. रस्त्यावर तिची एक चप्पल होती. ती चप्पल शर्टात खुपसून मी ऑटोमागं धावलो. फुलसावंगीहून पुसद, पुसदहून यवतमाळ. डोक्याला मार होता. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा.

वाट पाहणं माझ्या रक्तात नाही. तीन दिवस ती डोळे मिटून पडली होती आणि तीन दिवस मी दवाखान्यात दिसेल त्याच्यावर ओरडत होतो. आया, वॉचमन, चहावाला, कुणी सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओरडायला माणूस उरला नाही म्हणून मी जिन्यात गेलो. लोकांनी कोपऱ्यात थुंकू नये म्हणून तिथं देवादिकांची चित्रं असलेल्या फरशा बसवल्या होत्या. त्यात एक फरशी माहूरच्या रेणुकेची होती. लोक देवीपुढे हात जोडतात. मी बोट दाखवलं. म्हटलं, "तुह्या वाटेवरून येत होतो आमी. तुह्या डोंगराखालून. तुले दिसलं नाही? वर बसून काय करतं तू? बावीस वर्षं चालवून राह्यलो गाडी, कधी पडलो नाही, अन् तू पाडलं तर तिले पाडलं. मले पाडाची हिंमत नाही का तुही?" जिन्यातून जाणारी एक नर्स थांबून पाहत होती. मी तिलाही म्हटलं, तुमचं काही काम नाही, आमचं घरचं भांडण आहे.

भांडण संपल्यावर, म्हणजे माझा दम संपल्यावर, मी तिथंच पायरीवर बसून बोलमा केला. आम्हा गोर, म्हणजे बंजारा, लोकांत नवसाला बोलमा म्हणतात. पण मागायचं तर काही द्यायलाही पाहिजे. बकरा सगळेच देतात. अनवाणी जाणारे शेकडो, दंडवत घालत जाणारेही मी पाहिले. माझ्याजवळ माझं म्हणावं असं काय होतं? एकच. गणपतीत आमच्याकडे मंडळाची हळू गाडी चालवायची शर्यत असते. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला, ज्याचा पाय जमिनीला लागला तो बाद. ती शर्यत मी सलग नऊ वर्षं जिंकलो. (बरं, सहा. पण दोनदा लबाडी झाली होती आणि एकदा पाऊस आला.) म्हणून मी फरशीला म्हटलं, "बाई, तिचे डोये उघड. माह्या दारापासून तुह्या पायरीपर्यंत मी याच गाडीवर येईन, अन् वाटेत जमिनीले पाय लावनार नाही."

चौथ्या दिवशी पहाटे कमलानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमाले लागलं का?" घरात आम्ही गोरबोलीतच बोलतो, इथं सगळ्यांना कळावं म्हणून मराठी करून लिहितो. मी म्हटलं, "मले काय होते." आणि धावत खाली जाऊन फरशीला नारळ फोडायला निघालो, तर वॉचमननं नारळच काढून घेतला. असो.

पुढचं लिहायला हात जड होतो, पण लिहितो, कारण अनुभव सांगायचा तर अर्धा सांगून चालत नाही. पाचव्या दिवशी वॉर्डात पाहुणे आले, आजूबाजूच्या खाटांवरची माणसं कान देऊन होती, आणि माझ्यासारख्याला श्रोते मिळाले की जीभ कुठे थांबते? मी गोष्ट सांगितली. कमला गाडीवरून उडाली ती सावरीच्या कापसासारखी कशी तरंगत गेली, वरच्या तारेवरची चिमणी कशी बाजूला सरकली, सगळं सांगितलं. कुणीतरी विचारलं, "मंग तुमाले समजलं कधी?" मी म्हटलं, "तवाच. शंभर फूट नसन गेलो." आणि वरून म्हटलं, "आमच्या बाईले गाडीवर झोपाची सवय हाय. बोंडाच्या पोत्यावानी घसरली." वॉर्ड हसला. सलाइन लागलेला म्हातारासुद्धा हसला. कमला भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, झोपली.

त्या दिवसानंतर ती माझ्याशी बोलली नाही. घरी आली, हिंडू-फिरू लागली, शेजारणींशी बोले, माझ्या याडीशी, म्हणजे आईशी, तासन्‌तास बोले, कोंबड्यांशीही बोले. माझ्यासाठी निरोप. "याडी, त्याइले सांगा, पाणी तापलं." मी दोन हातांवर बसलेला असायचो. याडीनं आठ दिवस निरोप पोचवले, मग तीही वैतागली. "मी काय पोस्टमन हाव?" नंतर कमला निरोप भिंतीला सांगू लागली. बायकोनं भांडावं, भांडी आपटावी, माहेरी जावं, ते सगळं मला कळतं. पण हे नुसतं न बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजच न येणं. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळीतही माझ्यापुढे दिवा ठेवून ती न बोलता निघून गेली. मला राग येत होता, आणि त्या रागाला मी सगळीकडे जागा शोधत होतो. गतिरोधक बांधणाऱ्या ठेकेदाराला मी रोज सकाळी चहासोबत शिव्या द्यायचो. देवीवर तर उघडच चिडलो होतो. मी पुरी बायको मागितली होती, तिनं आवाज ठेवून घेतला. मग माझ्या डोक्यात आलं की बोलमा फेडायचा राहिला आहे, त्याचा हा तगादा. कमलाच्या गप्प बसण्याचा माझ्या जिभेशी काही संबंध असेल, हे मनात शिवलंसुद्धा नाही. पायाशी आहे असं मी ठरवून टाकलं.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीला जोर आला तेव्हा, एका सकाळी मी निघालो. तांड्याच्या नायकानं विचारलं, "बोलमा लोक पायानं फेडतेत, तू पाय वर करून फेडतं का?" रागात होतो. ओट्यावरून थेट गाडीवर बसलो. दोघांनी ढकलून गाडी स्टँडवरून उतरवली. याडीनं देवीसाठी कडाव केला होता, गहू आणि गुळाचा, आमचा भोगाचा गोड प्रसाद. तो स्टीलच्या डब्यात घालून हँडलला बांधला. कमला दारात उभी होती. मी म्हटलं, "येतो." तिनं भिंतीला सांगितलं, "सांभाळून जा म्हणा."

पहिले दहा किलोमीटर मी असा गेलो की पाहणाऱ्यानं हार घालावा. फुलसावंगीच्या बाजारओळीत एक बैलगाडी आडवी लागली. पाय टेकवता येत नाही, थांबता येत नाही, म्हणून मी एका अनोळखी माणसाच्या अंगणात गाडी घातली आणि तुळशीभोवती सात प्रदक्षिणा मारल्या. घरातली बाई आधी घाबरली, मग तिनं मला हळदकुंकू लावायला करंडा आणला, तोवर बैलगाडी सरकली. पुढे एसटी उभी होती, तिच्या अंगाला हात लावून तोल धरला. कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, "काय पायजे?" म्हटलं, "टेका." देवीशी ठरलं होतं ते पायाचं, हाताचं नाही. एका ठिकाणी विजेच्या खांबाला मिठी मारून पाच मिनिटं काढली. म्हशींचा कळप आला तर एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिच्या चालीनं गेलो. म्हैस समजूतदार होती. तुम्ही म्हणाल, हा फेकून राह्यला. म्हशीचं खरं आहे. तुळशीच्या प्रदक्षिणा तीन होत्या.

आणि मग ती वस्ती आली. तो गतिरोधक लांबूनच दिसला आणि माझ्या डोक्यात तीन महिन्यांचं सगळं एकदम उकळलं. मी ठरवलं, याच्यावरून नुसतं जायचं नाही, याला बोलून जायचं. गाडी पहिल्या गिअरवर आणली, अगदी शर्यतीसारखी, मुंगीच्या चालीनं, आणि सुरू झालो. त्याच्या बांधणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या, आठवीला हात घालणार, तेवढ्यात एक शेळी येऊन बरोबर गतिरोधकावर उभी राहिली आणि माझ्याकडे पाहू लागली. हॉर्न दिला, हलली नाही. मी थांबलो. हँडल इकडे तिकडे करत तोल धरून उभा, दोन्ही पाय वर. सात मिनिटं मी तसा उभा होतो असं मी एरवी सांगितलं असतं. अर्धं मिनिट असेल. रस्त्याकडेला बाभळीखाली एक वाळकी म्हातारी बसली होती, तिथून तिचा आवाज आला.

"पाय टेक ना बापा."

"नाही टेकत."

"काहून?"

"बोलमा हाय. नवस."

तिनं जरा विचार केला. "मंग पड," म्हणाली.

आणि मी पडलो. उभ्या गाडीवरून, जिथल्या तिथं, कापलेल्या झाडासारखा. बावीस वर्षांत न पडलेला माणूस, एका शेळीसमोर. गाडी उजव्या पायावर आली, सायलेन्सर पोटरीला चिकटला, आणि कपाळ सरळ त्या गतिरोधकावर जाऊन टेकलं. डबा उघडून कडाव रस्त्यावर सांडला आणि ज्या शेळीनं पाडलं तीच तो खाऊ लागली. मी पडल्या पडल्या ओरडत होतो. शेळीवर, म्हातारीवर, देवीवर. पाय निघत नव्हता. म्हातारी उठून आली, काठी गाडीखाली घातली आणि एका हातानं आख्खी मोटरसायकल उचलली. नाही, उचलली नाही. काठीची तरफ करून जराशी वर केली आणि म्हणाली, "ओढ आता, का मी ओढू?" मी पाय ओढला.

तिनं मला बाभळीखाली बसवलं. माठातलं पाणी दिलं, पोटरीवर पाणी ओतत राहिली, गुडघ्याला हळद भरून फडकं बांधलं. तिच्याजवळ फडकी तयारच होती, घडी घालून ठेवलेली. माझं तोंड अजून बंद नव्हतं. म्हटलं, "कोन्या बदमाशानं बांधला हा?" ती म्हणाली, "आमीच. माह्या चार शेळ्या चिरडल्या गाड्याइनं. मंग आमी मुरूम अन् गोटे टाकून केला. चुन्याचा पट्टा मारला होता, पाण्यानं धुऊन गेला." तीन महिने ज्या ठेकेदाराला मी शिव्या देत होतो तो जगात कुठे नव्हताच. माझा राग रस्त्यावर उभा राहून इकडे तिकडे पाहू लागला, कुणावर जावं त्याला कळेना.

ती म्हातारी बोलकी होती. आता पट्टा मारायला पाहिजे, तुझ्यासारखे लय पडतात, म्हणाली. मग तिनं पडणाऱ्यांची रीत सांगितली. "गडी पडला का पहिले गाडी पाह्यते. मंग कोनी पाह्यलं का, ते पाह्यते. मंग आंग पाह्यते. बाई पडली का पहिले लुगडं सावरते." दूधवाला पडला तेव्हा रडला, नवरदेव पडला तेव्हा आधी फेटा शोधत होता, असं सांगता सांगता ती मध्येच थांबली. "एक बाई मात्र मी पाह्यली. श्रावनात. मांगच्या सीटवरून पडली, डोक्शाले लागलं. म्या तिचं डोक्शं मांडीवर घेतलं. तिचा नवरा पुढं निंगून चालला होता, हातवारे करून एकटाच बोलत. आमची सून त्याले हाक माराले धावली. तं त्या बाईनं हात वर केला. म्हने, मावशी, हाक नोका मारू देऊ. ते मांगं वयून पाह्यतीन अन् पडतीन. बावीस वर्सांत पडले नाही ते. अन् मंग तिनं डोये मिटले. लुगडंबी सावरलं नाही तिनं."

शेळी कडाव खात होती. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, कारण दुसरीकडे कुठे पाहायची सोय नव्हती.

मी म्हटलं, "मावशी, थो नवरा मीच."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हो का," म्हणाली. "लय दूर गेलता मंग तू."

मी त्या बाभळीखाली रडलो. मोठ्यानं रडलो नाही, मला ते जमत नाही, पण नाकातून पाणी येत राहिलं आणि म्हातारीनं उरलेलं एक फडकं दिलं. मी गतिरोधकावर चिडलो होतो, देवीवर चिडलो होतो, कमलावर तर सगळ्यात जास्त. ज्या बाईनं डोकं फुटलेलं असताना माझा तोल जाऊ नये म्हणून हाक मारू दिली नाही, तिला मी भरल्या वॉर्डात बोंडाचं पोतं म्हटलं होतं. डोळे उघडल्यावर तिनं पहिलं विचारलं होतं, तुम्हाला लागलं का. मी ते कानाआड केलं, मला फरशीकडे धावायची घाई होती. राग फिरत फिरत शेवटी घरी परत आला, माझ्याच अंगावर, आणि तिथं बसला.

म्हातारीनं कापूस घेऊन चाललेला एक टेम्पो थांबवला. गाडी दोघांनी वर चढवली, मला कापसावर टाकलं. निघताना मी म्हटलं, "मावशी, माहा बोलमा मोडला. जमिनीले पाय लागला." ती म्हणाली, "पाय कोठी लागला? कपाय लागलं." आणि शेळ्यांकडे निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. ती देवी होती असं मी म्हणत नाही. देवीच्या अंगाला शेळ्यांचा वास येत नसावा, आणि ही तर तंबाखू मळत होती. मी फक्त जे झालं ते सांगतो. ज्या जागी माझी बायको पडली त्याच जागी मला पाडलं गेलं, आणि जी गोष्ट मला जगात एकच माणूस सांगू शकत होतं, ते माणूस तिथं हळद घेऊन बसलेलं होतं. याला काय नाव द्यायचं ते वाचणाऱ्यानं द्यावं.

कापसावर आडवं पडून आभाळाकडे पाहत येताना मला जे कळलं ते लहानसं आहे. जिन्यातल्या फरशीपुढे मी जो बोलमा केला त्यात भक्ती किती होती? मी देवीला माझी बढाई वाहिली होती. पाय लावणार नाही, म्हणजे झुकणार नाही, हेच मी नवस म्हणून तिच्यापुढे ठेवलं. तिनं माझ्याकडून पाय मागितला नव्हता, बकराही मागितला नव्हता. जे हवं होतं ते तिनं घेतलं, कपाळ टेकवून घेतलं, आणि प्रसाद शेळीला दिला. आम्ही दुचाकीवाले समजतो की तोल आपण सांभाळतो. निम्मा तोल मागं बसलेलं माणूस सांभाळत असतं, न बोलता, आपण वळलो की वळत, आपण वाकलो की वाकत. माझ्या मागं ती बावीस वर्षं बसली आणि मी न पडल्याचं श्रेय एकटा खात होतो. अर्पण करायचं तर हे करायचं होतं. त्या आईचे उपकार, की तिनं मला मोठ्या वेगात पाडलं नाही, उभ्या गाडीवर पाडलं. माझ्यासारख्यावर ती याहून चिडली असती तरी तिचं चुकलं नसतं.

टेम्पो तांड्यावर आला तसे सगळे जमले. नायक, शेजारी, लेकरं, याडी. "काय झालं, काय झालं?" मी कापसावर उठून बसलो. समोर एवढे श्रोते, आणि जीभ आपोआप सुरू झाली. "सांगतो. समोरून शेळी आली. शेळी कसली, म्हशीएवढी..." तेवढ्यात दारात उभी कमला दिसली. हातात पाण्याचा लोटा होता. मी थांबलो.

"शेळीच होती," मी म्हटलं. "लहान. गाडी उभी होती. मी पाय टेकला नाही म्हनून पडलो." लोक वाट पाहत राहिले, पुढे काहीतरी येईल म्हणून. नायक म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "नाही. आनखी एक हाय." आणि सगळ्यांसमोर, याडीसमोर, टेम्पोवाल्यासमोर सांगितलं. श्रावणात ही पडली तेव्हा मी शंभर फूट नाही, तीन किलोमीटर पुढे गेलतो. ही झोपली नव्हती. मी गोष्ट सांगत होतो, म्हणून मला समजलं नाही. दवाखान्यात मी खोटं बोललो, आणि हसू यावं म्हणून बोललो. मग म्हातारीनं जे सांगितलं तेही सांगितलं, सगळं नाही सांगता आलं. कुणी हसलं नाही. याडीनं पदर तोंडाला लावला आणि माणसं एकेक करून सरकली.

कमलानं मला धरून ओट्यावर बसवलं. फडकं सोडलं, जखम धुतली, कोरडं फडकं बांधलं. तिचा हात हलका होता पण चेहरा जसाच्या तसा. मी तिला म्हटलं, चुकलं माझं. ती गाठ मारत राहिली. मी म्हटलं, देवीकडं जायचं राहिलंच, गुडघा बरा झाला की जाऊ, दोघं जाऊ, मी हळू चालवीन, एक शब्द बोलणार नाही, प्रत्येक गतिरोधकावर पाय टेकवीन. येशील का माझ्या मागं बसून?

तिनं गाठ ओढून पाहिली, लोटा उचलला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा भिंतीकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाली,

"साडेनऊची एसटी हाय."